रेंज फुल्ल आहे, तरी पैसे का जात नाहीत?

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फूलबाजारात दीड किलो झेंडू घेतला. मावशींचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि चकती फिरत राहिली. सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, वर फाइव्ह-जीचं चिन्ह, आणि साधे दोनशे चाळीस रुपये जात नव्हते. शेवटी शेजारी उभ्या मुलीने तिच्या फोनवरून पैसे भरले, ते क्षणात गेले. तिचा नंबर घेतला आणि प्लाझा थिएटरच्या पुढे आल्यावर तिचे पैसे परत पाठवले. तिथे माझ्याही फोनवरून लगेच गेले.

त्याच आठवड्यात मी नंबर तिच्या कंपनीकडे पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. आमचं घर गिरगावात, चाळीच्या तळमजल्यावर, भिंती दीड फूट जाड. नव्या सिमला बाहेरच्या खोलीत जेमतेम रेंज आणि स्वयंपाकघरात काहीच नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी ‘न्यायला या’ म्हणून केलेले तीन फोन मला लागलेच नाहीत. बाबा डोळ्यावर पट्टी बांधून पाऊण तास बाकावर बसून होते. आणि मागे फिरायचं तर नियमाने ९० दिवस थांबणं भाग होतं.

फूलबाजारात मिळालेलं उत्तर मी घराला लावलं, ही माझी चूक. ‘मुंबईत कुणाचं नेटवर्क चांगलं?’ असं आपण विचारतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. सिग्नल माझ्यापर्यंत पोचतो का? पोचला तर मला त्यात जागा आहे का? आणि हे रोज चालतं का, की पहिल्या पावसात बंद पडतं? या तिन्हींची उत्तरं एकाच कंपनीच्या बाजूने येतील असं नाही. एकाच घरातल्या दोन खोल्यांतही ती वेगळी येतात.

दांड्या नेमकं काय मोजतात?

टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठ्याने ऐकू येतो, दांड्या एवढंच सांगतात. आणि तेही सैलपणे, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचं सगळ्यांना लागू असलेलं माप नाही. ते फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०१० मध्ये आयफोन ४ च्या तक्रारी आल्या तेव्हा ॲपलने जाहीर कबूल केलं होतं की त्यांचं दांड्या मोजायचं सूत्रच चुकीचं होतं, दोन दाखवायच्या तिथे फोन चार दाखवत होता. म्हणून दोन वेगळ्या बनावटीचे फोन शेजारी धरून दांड्यांवरून कंपन्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

खरा आकडा फोनच्या आत असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’ दिसते. काही फोनमध्ये ती थोडी आत दडलेली असते. आकडा उण्यात असतो आणि त्यापुढे डीबीएम हे एकक. फोर-जीसाठी साधारण उणे ९५ पर्यंत छान, उणे १०५ ला चालतं, उणे ११५ ला आवाज तुटायला लागतो, उणे १२० ला आशा सोडावी. हे माप साध्या मोजपट्टीसारखं नाही. दहाने खाली गेलं की सिग्नल दहावा हिस्सा उरतो. उणे ९० आणि उणे ११० यांत दिसायला वीसचा फरक, प्रत्यक्षात शंभरपट. आमच्या घरात गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बावीस पावलांत हा एवढा फरक पडतो.

गाडी येते, पण चढता येतं का?

आता फूलबाजारातली गोष्ट. संध्याकाळी सव्वासहाला दादरला विरार फास्ट फलाटाला लागते. दारं उघडी असतात, गाडी समोर उभी असते, तरी चढता येत नाही. भरलेल्या दांड्या म्हणजे गाडी फलाटाला लागली, एवढंच.

टॉवरवरच्या प्रत्येक अँटेनाची क्षमता ठरलेली असते आणि तिच्या टापूतले त्या कंपनीचे सगळे ग्राहक ती वाटून घेतात. शंभर जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ऐसपैस येते. पाच हजार जण व्हिडिओ पाठवायला लागले की सिग्नल तेवढाच मोठा ‘ऐकू’ येतो, पण तुमची पाळी येत नाही. यूपीआयला डेटा अगदी थोडा लागतो, मात्र तुमचा फोन, तुमची बँक आणि समोरच्याची बँक यांच्यात निरोपांची ये-जा ठरावीक वेळात व्हावी लागते. रांगेत एक निरोप अडकला की चकती फिरत राहते. (कधी दोष बँकेच्या सर्व्हरचाही असतो. त्याच क्षणी एखादं नवीन पान ब्राउझरमध्ये उघडून बघा. ते झटकन उघडलं तर नेटवर्कला बोल लावू नका.)

गणपतीत लालबागला, सामना सुटल्यावर वानखेडेबाहेर, किंवा ४ जुलै २०२४ ला विश्वचषक जिंकून आलेल्या संघाच्या मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्हवर लोटलेल्या गर्दीत अडचण होते ती याच जातीची. मोठ्या कार्यक्रमांना कंपन्या गाडीवर बसवलेले फिरते टॉवर आणतात ते सिग्नल पोचवायला नव्हे, तिथे तो आधीच असतो. ते जागा वाढवायला आणतात.

यातून एक गोष्ट निघते, ती मला बराच काळ सुचली नव्हती. एखाद्या भागात ज्या कंपनीचे ग्राहक कमी, तिचं नेट तिथे गर्दीच्या वेळी जास्त वेगवान असू शकतं. ‘आमच्या इमारतीत सगळ्यांकडे हेच सिम आहे’ हे म्हणूनच दर वेळी शिफारसपत्र ठरत नाही.

ढोल आणि ताशा

मग जाड भिंतीच्या घरात एका कंपनीचा सिग्नल येतो आणि दुसरीचा का येत नाही? मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असताना खिडक्या बंद करून ऐका. ताशा विरून जातो, ढोलाचा धमधम मात्र घरात येतो. कमी कंपनांचा आवाज भिंतीतून सहज शिरतो. रेडिओलहरींचंही बरंचसं तसंच आहे. कंपन्या सरकारच्या लिलावात लहरींचे वेगवेगळे पट्टे विकत घेतात, त्यांना बँड म्हणतात. मेगाहर्ट्झ हे या कंपनांचं माप, आकडा लहान तेवढी कंपनं कमी. भारतात ७०० आणि ९०० मेगाहर्ट्झचे बँड हे ढोल, लांब जाणारे आणि भिंतीत शिरणारे. १८०० आणि २३०० मधले. फाइव्ह-जीचा मुख्य बँड ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, तो ताशा. भिंतीपाशी दम तोडतो, पण त्याच्याकडे जागा प्रचंड असते.

ढोलाच्या बँडमध्ये कंपनीकडे बहुधा अरुंद पट्टा असतो. २०२२ च्या लिलावात जिओने ७०० चा बँड देशातल्या सगळ्या २२ दूरसंचार परिमंडळांत, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या देशाच्या भागांत, घेतला, पण तो १० मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्याच लिलावात जिओ आणि एअरटेल या दोघांनी ३३०० मध्ये घेतलेला पट्टा किमान १०० मेगाहर्ट्झ रुंद आहे. म्हणजे घरात खोलवर पोचणारी वाट गल्लीएवढी आणि मोकळ्यावरची वाट पूर्व द्रुतगती मार्गाएवढी. रस्त्यावर वाऱ्यासारखा पळणारा फाइव्ह-जी मोरीत शिरल्यावर फोर-जी होतो, आणि तोही रखडतो, त्याचं मूळ इथे आहे.

फोनचाही यात वाटा आहे. तुमच्या फोनला तो बँड ऐकूच येत नसेल तर कंपनीने लावलेला असून उपयोग नाही. जुना फोन असेल तर शेजारणीच्या अनुभवावर विसंबण्याआधी तुमच्या मॉडेलचे बँड बघून घ्या.

तिसाव्या मजल्यावर, आणि जमिनीखाली

उंचावर रेंज छान येत असेल असं वाटतं. परळ-लोअर परळच्या टॉवरांत राहणाऱ्यांना विचारा, तक्रार तिथेही आहे. अँटेना रस्त्याकडे आणि मधल्या मजल्यांकडे किंचित झुकवलेल्या असतात, कारण माणसं तिथे जास्त. तिसाव्या मजल्यावर जवळच्या टॉवरचा झोत खालून निघून जातो आणि लांबलांबचे पाच-सहा टॉवर एकदम ऐकू येतात. लग्नाच्या हॉलमध्ये सहा जण एकाच वेळी आपल्याशी बोलायला लागले तर एकाचंही नीट कळत नाही, तसं. दांड्या भरपूर दिसतात, फोन मात्र या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो. शिवाय खिडकीच्या काचेला धातूचा पातळ थर असेल तर उन्हाबरोबर सिग्नलही बाहेरच अडतो. अशा इमारतीत आत छोट्या अँटेना बसवाव्या लागतात, आणि सोसायटीने किंवा बिल्डरने एकाच कंपनीला परवानगी दिली असेल तर बाकीच्यांचे ग्राहक कोरडेच राहतात. तिथे घर घेण्याआधी, किमान भाड्याने राहण्याआधी, लिफ्ट, पार्किंग आणि आतल्या बेडरूममध्ये फोन लावून बघा. पाण्याची वेळ विचारतो तसंच हे.

मेट्रो ३ चं दुखणं याच घराण्यातलं. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या वर्षात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ भुयारी. माती आणि काँक्रीटच्या एवढ्या थराखाली वरचा टॉवर पोचतच नाही. आत अँटेना लावाव्या लागतात आणि बोगद्यात बारीक फटी ठेवलेली खास केबल टाकतात, तिच्यातून सिग्नल सगळीकडे पाझरत जातो. ही यंत्रणा प्रत्येक कंपनीने आपापली बसवायची की एका तिसऱ्या कंपनीने सगळ्यांसाठी, आणि भाडं किती, यावर मतभेद झाले आणि प्रवासी फलाटावर बिनसिग्नलचे उभे राहिले. इतक्या खर्चाच्या प्रकल्पात हा करार गाडी धावण्याआधी पुरा व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

वीज गेली तर, रस्ता खणला तर

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. टॉवरलाही वीजच लागते. त्याच्याशी बॅटऱ्या असतात, काही ठिकाणी डिझेल जनरेटर. पण बॅटरी काही तासांचीच, आणि गच्चीवरच्या छोट्या टॉवरपाशी जनरेटरला जागा नसते. एका कंपनीचा टॉवर तासाभरात गप्प होतो आणि दुसरीचा संध्याकाळपर्यंत टिकतो, हा फरक कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही. तुमच्या भागात कोण टिकतं हे तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फोन मुके झाले, ती रात्र ज्यांनी काढली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धोका जमिनीत. टॉवरपासून पुढे तुमचा आवाज बहुतेक ठिकाणी फायबरच्या तारेतून जातो. गल्लीचं काँक्रिटीकरण करताना जेसीबीचा एक फटका तारेला बसला की टॉवर उभा, दांड्या भरलेल्या, आणि नेट मेलेलं.

नियम काय म्हणतात? दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या दर्जाबद्दलचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना वाढीव मुदत द्यावी लागते. तुमच्या एकट्याच्या गल्लीत दोन दिवस नेट नसेल तर मात्र हा नियम तुमच्या कामाचा नाही. कॉल तुटल्याबद्दल ग्राहकाला एक रुपया द्यावा, असा नियमही ट्रायने केला होता. तो मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

“पण कंपनीच्या नकाशात आमची गल्ली रंगवलेली आहे”

त्याच २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे देणं बंधनकारक केलं. ही चांगली गोष्ट आहे आणि ते नकाशे जरूर बघावेत. टू-जी कुठे, फोर-जी कुठे, फाइव्ह-जी कुठे, हे त्यात दिसतं. पण नकाशा वरून पाहिलेला असतो, त्याला मजला कळत नाही आणि भिंतही कळत नाही. तो फार तर आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही रस्त्यावर उभं राहणाऱ्यासाठी. एखादी जागा नकाशात कोरी असेल तर त्यावर विश्वास ठेवा. रंगवलेली असेल तर तिथे जाऊन बघा.

‘सर्वात वेगवान’ या जाहिरातींचंही असंच. तो वेग म्हणजे हजारो ठिकाणांची सरासरी, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोकळ्या रस्त्यावरचा फाइव्ह-जी त्या सरासरीला वर ओढतो. ट्रायही गाडीत यंत्रं ठेवून शहरांत चाचण्या घेते आणि निकाल प्रसिद्ध करते. मला ते जाहिरातींपेक्षा कितीतरी विश्वासाचे वाटतात, पण गाडी आपल्या स्वयंपाकघरात येत नाही.

कॉल तुटण्याच्या आकड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तुटणाऱ्या कॉलचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावं असा दंडक आहे. पण समोरून आवाजच येईनासा झाला, आपण पाच वेळा ‘हॅलो, हॅलो’ केलं आणि वैतागून स्वतःच फोन ठेवला, तर तो तुटलेला कॉल धरला जात नाही. ग्राहकाने नेहमीसारखा संपवलेला कॉल म्हणून त्याची नोंद होते.

“टॉवर तर सगळ्यांचा एकच असतो ना?”

खांब पुष्कळदा एकच असतो. टॉवर उभारून भाड्याने देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत आणि एका खांबावर दोन-तीन मोबाइल कंपन्या राहतात. पण प्रत्येकीच्या अँटेना, बँड, झुकाव आणि मागची फायबर आपापली. एका चाळीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या बिऱ्हाडांसारखं आहे ते. जिना एक, चुली वेगळ्या.

“आमच्या गच्चीवर टॉवर नको”

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की आवाज चढतात, आणि भीती खोटी म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. मोबाइलच्या लहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. त्याचा अर्थ ठोस पुरावा नाही, पण शंका पूर्ण मिटलेलीही नाही. २०१२ मध्ये भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या आसपासचे टॉवर पाहता येतात.

सभेत बहुधा न बोललं जाणारं दुसरं टोक असं की टॉवर लांब गेला की आपला फोन त्याच्यापर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, आणि तो फोन कानाला लागलेला असतो. गच्चीवरच्या अँटेनाचा झोतही समोरच्या दिशेने जातो, सरळ खाली फार थोडा येतो. टॉवर नाकारायचा तो हे जमेला धरून नाकारा.

घरी बसून तपासायचं कसं?

दोन सिमचा फोन असेल तर नंबर न बदलता दुसऱ्या जागी दुसऱ्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम महिनाभर घालून बघा. मी हे आधी केलं असतं तर सर्वात लहान रिचार्जच्या पैशांत काम झालं असतं. आपला दिवस जिथे जातो अशा जागा निवडा: घरातली सगळ्यात आतली खोली, लोकल किंवा बसचा रस्ता, कामाची जागा. प्रत्येक ठिकाणी सकाळी, संध्याकाळी गर्दीच्या वेळी आणि रात्री दहानंतर बघा. डीबीएम लिहा, एक कॉल करून पाच मिनिटं बोला, ट्रायच्या मायस्पीड ॲपने वेग मोजा. रात्री उत्तम आणि संध्याकाळी वाईट असेल तर अडचण गर्दीची आहे. तिन्ही वेळा वाईट असेल तर बहुधा सिग्नलच पोचत नाही.

एक खूण फुकट मिळते. फोनवर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ असं आलं तर तुमच्या कंपनीचा सिग्नल तिथे नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे. अशा वेळी ११२ लावला तर फोन त्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाण्याचा प्रयत्न करतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगून ठेवा.

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे आणि चिपळूण, कणकवली महाराष्ट्र परिमंडळात येतात. कंपनी तीच असली तरी दोन परिमंडळांत तिच्याकडचे बँड वेगळे असू शकतात. शहरात पहिली असलेली कंपनी गावच्या घरात पहिली असेलच असं नाही.

एवढं करून बदलायचं ठरलं तर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा. येणारा कोड चार दिवस चालतो. त्याच परिमंडळात काम साधारण तीन कामाच्या दिवसांत होतं. पोस्टपेडचं बिल आधी भरा, आणि ऑपरेशन, मुलाखत, परीक्षा असल्या आठवड्यात हे करू नका.

आणि घरात वायफाय असेल तर बदलण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करून बघा. तिन्ही मोठ्या खासगी कंपन्या ते देतात. कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून जातो, तोच नंबर, वेगळं ॲप नको. ९० दिवसांपैकी साठ माझे गॅलरीत उभं राहून बोलण्यात गेल्यावर मला हे कळलं. वीज गेली की राउटर बंद होतो आणि ही सोयही जाते, म्हणून राउटरला छोटी बॅटरी जोडली आहे. बाबांचा नंबर मी जुन्या कंपनीतच ठेवला आणि माझ्या फोनमध्ये आता दोन सिम आहेत. आई भाजी फोडणीला टाकताना फोन उचलते आणि पलीकडे मावशीला तिचा आवाज नीट ऐकू येतो.